आहार, दाह आणि यकृताचा कर्करोग

यकृताच्या कर्करोगाचा विषय निघाला की मद्यपान आणि कावीळ ही दोनच कारणे सर्वसामान्यांच्या डोळ्यांपुढे येतात. हिपॅटायटिस 'बी' व 'सी' या विषाणूंचा दीर्घकालीन संसर्ग व मद्यपान ही या रोगाची प्रमुख कारणे आहेत, हे खरेच. परंतु मद्याला कधीही स्पर्श न केलेल्या व्यक्तीलाही हा रोग होऊ शकतो आणि त्याचा धागा रोजच्या ताटापर्यंत पोहोचतो, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

जखम झाली की ती जागा लाल होते, सुजते व दुखते. शरीराच्या संरक्षणाची ही क्रिया म्हणजे दाह. काम संपताच तो शमला पाहिजे. तिखटाने वा पित्ताने होणारी जळजळ येथे अभिप्रेत नाही. गरजेपेक्षा अधिक साखर, मैदा व तळलेले पदार्थ पोटात जात राहिले की यकृतात चरबी साठते. काही जणांत या चरबीमुळे पेशींना इजा होऊन सौम्य परंतु न शमणारा दाह सुरू होतो. पेशी मरतात, नव्या निर्माण होतात, व्रण साचत जातात. याचीच परिणती पुढे सिरोसिसमध्ये व क्वचित कर्करोगात होते. हे सारे वर्षानुवर्षे, बहुधा कोणतीही वेदना न होता घडते, हाच यातील खरा धोका.

आहाराची दाहकता मोजण्यासाठी अमेरिकेतील साउथ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधकांनी एक निर्देशांक तयार केला. त्यात ४५ आहारघटक विचारात घेतले असून हळद, आले, लसूण व कांदा यांचाही समावेश आहे. इटलीतील रुग्णांवर आधारित, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सर्वाधिक दाहकारक आहार घेणाऱ्या गटात यकृताच्या कर्करोगाचा धोका दुपटीहून अधिक आढळला. अशा अभ्यासातून संबंध दिसतो. कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हेही ध्यानी घ्यावे.

सुदैवाने दाह शमविणारा आहार आपल्याला परका नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, जवसाची चटणी व अख्खी फळे यांनी ताट भरावे. शीतपेये, फरसाण, बिस्किटे व वारंवार तापविलेले तेल टाळावे. बुरशी लागलेले शेंगदाणे वा मका मुळीच खाऊ नये. त्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताच्या कर्करोगास कारणीभूत ठरते. स्वयंपाकातील हळद योग्यच. मात्र हळदीच्या अर्काच्या गोळ्यांमुळे यकृतास इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. त्या वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नयेत. स्थूल व्यक्तीने वजन ५ टक्के घटविल्यास यकृतातील चरबी कमी होते. ७ ते १० टक्के घटविल्यास दाहही ओसरू लागतो.

तथापि आहार हा इतर उपायांना पर्याय नव्हे. नवजात बालकास जन्मानंतर २४ तासांच्या आत हिपॅटायटिस 'बी'ची लस द्यावी. मद्य वर्ज्य करावे. सिरोसिसच्या रुग्णांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी, कारण लवकर सापडलेली गाठ काढून टाकता येण्याची शक्यता अधिक असते. मधुमेह असल्यास, अथवा कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरहून अधिक असल्यास, लक्षणांची वाट न पाहता यकृताची तपासणी करून घ्यावी, असे आमचे सर्वांना आग्रहाचे सांगणे आहे.