कमी खाल्ल्याने स्त्रीबीजं वाचतात का?

‘सोळा तास उपाशी राहा, अंडाशय तरुण राहील’ हा सल्ला हल्ली मूल हवं असलेल्या पस्तिशीतल्या बायकांनाही मिळतो. त्यामागे थोडं खरं संशोधन आहे, म्हणून तो जास्त पटतो. २००८ मध्ये अमेरिकेत जोनाथन टिली यांच्या गटाने प्रौढ उंदरिणींचं खाणं मर्यादित केलं. पुढे आहार पूर्ववत केल्यावर त्यांना उतारवयातही पिल्लं झाली आणि ती जास्त जगली. मात्र हा लाभ दिसला तो पोटभर खाणं पुन्हा सुरू झाल्यावर. शिवाय उंदराचं आयुष्य जेमतेम दोन-तीन वर्षांचं.

माणसांतला पुरावा वेगळं सांगतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी नेदरलँड्सची रसद तोडली. उपासमारीत असंख्य बायकांची पाळी बंद झाली आणि नऊ महिन्यांनी जन्म घटले. पुढे त्या काळातून गेलेल्या स्त्रियांचा अभ्यास झाला, तेव्हा दोन ते सहा वर्षांच्या वयात तीव्र उपासमार सोसलेल्यांची पाळी सरासरी दीड वर्षाहून अधिक लवकर गेल्याचं आढळलं. बालपणीचा दुष्काळ आणि मोठेपणीचं डाएट एक नव्हे, हे खरं. पण उपासमारीने अंडाशय तरुण राहिल्याची खूण तिथे कुठेच नाही.

‘पाळी थांबली म्हणजे तेवढी बीजं शिल्लक राहिली’ हा हिशेब तर मुळातच चुकीचा आहे. मुलगी जन्मते तेव्हा तिच्याकडे दहा ते वीस लाख बीजं असतात, वयात येताना तीन-चार लाख. आयुष्यभरात बाहेर पडतात ती जेमतेम चारशे. बाकीची आतल्या आत विरून जातात आणि हे गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना, पाळी बंद असतानाही चालूच राहतं. खाणं फार कमी झालं की मेंदू अंडाशयाला संदेश पाठवणं मंदावतो, त्यामुळे बीज बाहेर पडत नाही. गळती मात्र थांबत नाही. हा संदेश बिघडायला थोडेच दिवस पुरतात: संशोधक अ‍ॅन लाउक्स यांच्या प्रयोगात पाच दिवसांत तो विस्कळीत झाला.

मग वजन कमी करून दिवस गेलेल्या मैत्रिणीचं काय? तिला पीसीओएस (बीज नियमित बाहेर न पडण्याचा विकार) असेल आणि वजन जास्त असेल, तर पाच-दहा टक्के वजन घटल्याने बीज बाहेर पडणं पुन्हा सुरू होऊ शकतं. त्याने बीजांचा साठा वाढत नाही आणि वयही मागे जात नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. अशा बाईला आणखी कमी खायला सांगणं मला धोक्याचं वाटतं. साबुदाण्यावर काढलेल्या उपवासातून तिला प्रथिनं आणि लोह फारसं मिळत नाही.

डाएट सुरू केल्यावर तीन महिने पाळी आली नाही, तर आहार वाढवून डॉक्टरांना भेटा. वय पस्तिशीपुढे असेल आणि सहा महिन्यांत दिवस राहिले नसतील, तर डाएटवर विसंबून वर्ष घालवू नका, लगेच तपासणी करून घ्या.