किल्ली बदलताना

अजिंठ्याची लेणी पाहायला येणारे कितीतरी प्रवासी फर्दापूरच्या फाट्यावर उतरतात. या गावात माझे एक छोटेसे लॉज आहे. पाहुण्यांना खोलीची किल्ली देणे आणि जाताना ती परत घेणे, हा माझा रोजचा उद्योग. कुणी किल्ली हरवली तर टेबलाच्या खणात दुसरी असतेच, आणि तीही नसली तर किल्लीवाला बोलावता येतो. त्यामुळे किल्ली हरवण्याची भीती मला कधी वाटली नव्हती. ती एका रात्री वाटली, आणि ती किल्ली लोखंडाची नव्हती.

आज आपल्या प्रत्येकाकडे पाच-पंचवीस पासवर्ड असतात. बँकेचा, वीजबिलाचा, ई-मेलचा, रेल्वे तिकिटाचा, धंदा असेल तर जीएसटीचाही. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवणे धोक्याचे आणि सगळे वेगळे लक्षात ठेवणे अशक्य. म्हणून पासवर्ड मॅनेजर नावाचा प्रोग्रॅम वापरतात. तो सगळे पासवर्ड एका तिजोरीत ठेवतो. तिजोरी उघडायला एकच पासवर्ड लागतो. त्याला म्हणतात मास्टर पासवर्ड.

माझी तिजोरी म्हणजे काउंटरवरच्या संगणकातली एक फाइल. एकदा मी मास्टर पासवर्ड टाइप करत असताना मागे कुणीतरी उभे होते. मनात शंका आली, म्हणून त्याच रात्री तो बदलायचे ठरवले. नवा पासवर्ड मनाशी पक्का केला, दोन्ही चौकटींत टाइप केला, जतन केला. थोड्या वेळाने तिजोरी पुन्हा उघडून पाहिली. उघडली. समाधानाने कुलूप लावले आणि तेवढ्यात वीज गेली.

वीज आल्यावर संगणक सुरू केला, नवा पासवर्ड दिला. 'पासवर्ड चुकीचा आहे.' पुन्हा दिला. पुन्हा तेच. जुना देऊन पाहिला, तोही चालेना. रात्रीचा एक वाजला होता आणि मला घाम फुटला होता. बँकेची चिंता नव्हती, तो पासवर्ड शाखेत जाऊन बदलता आला असता. चिंता होती ती एका जुन्या ई-मेल खात्याची. माझ्या वडिलांचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो त्यात आहेत. त्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर केव्हाच बंद झाला आहे. म्हणजे ओटीपी मागवायची सोयच नाही.

आता पहिला प्रश्न असा की, हा प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना विचारून पासवर्ड का मिळत नाही? कारण तो त्यांच्याकडे नसतोच. आपण टाइप केलेला मास्टर पासवर्ड एका गणिती प्रक्रियेतून पुन्हा पुन्हा घुसळला जातो. काही प्रचलित मॅनेजरमध्ये ही घुसळण सहा-सहा लाख वेळा होते. त्यातून एक लांबलचक संख्या तयार होते, आणि ती संख्या म्हणजे तिजोरीची खरी किल्ली. ती कुठे लिहून ठेवलेली नसते, दर वेळी नव्याने घडते. एक अक्षर बदलले तरी संपूर्ण वेगळी संख्या तयार होते. चोराला लाखो पासवर्ड झटपट पडताळता येऊ नयेत म्हणून ही व्यवस्था आहे. पण कुलपाला चोर कोण आणि मालक कोण, ते कळत नाही. म्हणून एक सावधगिरीची सूचना: मास्टर पासवर्ड काढून देतो, असा कुणाचा फोन आला तर तो ठग समजावा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

मग अशी चूक झाल्यावर करायचे काय? पहिली गोष्ट, जे उघडे आहे ते बंद करू नये. मोबाइलवर किंवा दुसऱ्या संगणकावर तीच तिजोरी उघडी असेल, बोटाच्या ठशाने उघडत असेल, तर तिथून लॉग आउट होऊ नका. तिजोरी इंटरनेटवर ठेवणारा मॅनेजर असेल तर त्या मोबाइलचे इंटरनेटही बंद करा, कारण मास्टर पासवर्ड बदलला की काही मॅनेजर इतर उपकरणांना आपणहून बाहेर काढतात. मग आतली माहिती बाहेर काढा. सगळी एकदम काढायला मास्टर पासवर्ड पुन्हा मागितला, तर महत्त्वाचे पासवर्ड एकेक करून वहीत उतरवून घ्या.

दुसरी गोष्ट, आपली चूक ओळखा. दोन्ही चौकटींत सारखेच टाइप झाले होते, याचा अर्थ चूक दोन्ही वेळा सारखीच झाली. अशा चुका थोड्याच असतात. मोबाइलने पहिले अक्षर आपोआप मोठे केले असेल. नक्कल करून डकवताना शेवटी एक मोकळी जागा आली असेल. मराठी कळफलक सुरू राहून आकडे देवनागरीत पडले असतील. आपल्याला ते सारखेच, पण संगणकाला देवनागरी एक आणि इंग्रजी एक ही दोन वेगळी चिन्हे आहेत. शंका आली तर साध्या नोटपॅडमध्ये पासवर्ड टाइप करून डोळ्यांनी पाहावा आणि जतन न करता पुसून टाकावा.

तिसरी गोष्ट, जुनी प्रत शोधा. पासवर्ड बदलण्यापूर्वी काढून ठेवलेली फाइल जुन्याच पासवर्डने उघडते. तिला नव्याची खबरच नसते.

चौथी गोष्ट आधी केलेली असेल तरच कामाला येते. काही मॅनेजर सुरुवातीलाच एखादा सांकेतिक क्रमांक छापून ठेवायला सांगतात, काहींत घरच्या विश्वासू माणसाला अडचणीच्या वेळेसाठी अधिकार देता येतो. यातले काहीच नसेल तर नवी तिजोरी करावी आणि 'पासवर्ड विसरलात?' या वाटेने एकेक खाते परत मिळवावे. सुरुवात ई-मेलपासून करावी, कारण बाकीच्यांच्या वाटा तिथूनच जातात.

मला तारले ते जुन्या प्रतीने. तीन आठवड्यांपूर्वी मी ती फाइल मोबाइलमध्ये घेतली होती. जुना पासवर्ड दिला आणि ती उघडली. मधल्या काळातल्या दोन नोंदी तेवढ्या नव्हत्या. वडिलांच्या फोटोंचे खाते होते.

चूक कळली ती सकाळी. टेबलावर आदल्या संध्याकाळी छापलेले एका पाहुण्याचे बिल पडले होते, आणि त्यावरचे नाव, पत्ता, सगळे मोठ्या इंग्रजी अक्षरांत होते. बिलासाठी दाबलेला कॅप्स लॉक तसाच राहिला होता! त्यामुळे माझ्या पासवर्डातली लहान अक्षरे मोठी आणि मोठी ती लहान झाली. पुन्हा उघडतानाही कॅप्स लॉक चालूच होता, म्हणून तिजोरी उघडली. वीज जाऊन आल्यावर तो बंद झाला. कॅप्स लॉक दाबून तोच पासवर्ड दिला, तिजोरी निमूट उघडली.

आमच्या लेण्यांतल्या चित्रांची अशीच एक कथा आहे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून कित्येक वर्षे खपून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांतल्याही बऱ्याच १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. मूळ चित्रे इथे डोंगरात होती, म्हणून पुन्हा नकला करता आल्या. आपल्या तिजोरीमागे असा डोंगर नसतो. म्हणून प्रत काढावी आणि ती दुसरीकडे ठेवावी.

आता मी मास्टर पासवर्ड बदलतो तो दिवसा, हाताशी वेळ असताना. आधी फाइलची प्रत काढतो. नवा पासवर्ड कागदावर लिहितो, डकवत नाही, हाताने टाइप करतो. मग प्रोग्रॅम बंद करून, संगणक पुन्हा सुरू करून उघडून पाहतो, आणि फाइल मोबाइलवर नेऊन तिथेही उघडतो. आठ-पंधरा दिवस नवा पासवर्ड हातात बसला की मगच जुन्या प्रती पुसतो. त्या पुसायला मात्र विसरू नये. जुना पासवर्ड कुणी पाहिला असेल, तर जुनी प्रत त्यालाही उघडता येते. अशा वेळी आतले महत्त्वाचे पासवर्डही बदलणे शहाणपणाचे.

तो कागद पाकिटात बंद करून घरच्या कपाटात ठेवला आहे. पाकीट कुठे आहे, ते पत्नीला माहीत आहे. लॉजच्या दुसऱ्या किल्ल्या खणात ठेवणाऱ्या माणसाला हे आधीच सुचायला हवे होते.