परम्याचा जंतू

१८७९ साली ब्रेस्लाऊ येथे आल्बेर्ट नायसर या २४ वर्षांच्या जर्मन डॉक्टरने परमा झालेल्या रोग्यांचा पू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्याला जोडीजोडीने राहणारे, घेवड्याच्या दाण्यासारखे जंतू दिसले. तेच या रोगाचे कारण होत.

हा जंतू मोठा नाजूक. शरीराबाहेर, कोरड्या हवेत तो फार वेळ जगत नाही. म्हणून एका ताटात जेवल्याने किंवा हातात हात घेतल्याने परमा होत नाही. तो लैंगिक संबंधातून पसरतो. जन्मताना आईकडून बाळाच्या डोळ्यांतही जाऊ शकतो. निरोधच्या योग्य वापराने लागणीचा धोका पुष्कळ कमी होतो.

पुरुषांत लघवी करताना जळजळ होते, पू येतो. पुष्कळ स्त्रियांत मात्र काहीच लक्षण दिसत नाही. उपचाराअभावी जंतू गर्भाशयातून बीजवाहक नलिकांत शिरतात. तेथे सूज येऊन कधी वंध्यत्व येते.

१९४३ पासून पेनिसिलिनने हा रोग झटपट बरा होऊ लागला. पण जंतूही बदलले. १९७६ मध्ये पेनिसिलिनचे विघटन करणारे जंतू आढळले. परम्याचा जंतू इतर जंतूंकडूनही जनुके उचलतो! आज मुख्यतः सेफ्ट्रिअॅक्झोनचे इंजेक्शन देतात. त्यालाही दाद न देणारे जंतू काही ठिकाणी सापडले आहेत.

म्हणून मनाने औषध घेऊ नये. डॉक्टरांकडून तपासणी व उपचार दोघांनीही घ्यावेत. एकानेच घेतल्यास लागण पुन्हा होते. रोग लपविला, तर फायदा जंतूचाच!