मूत्रपिंडे व शरीरातील पाण्याचा समतोल

उन्हाळ्यात लघवी थोडी व गडद पिवळी होते. पावसाळ्यात ती पुष्कळ व जवळजवळ रंगहीन असते. हा अनुभव प्रत्येक मुलास असतो. आरोग्याचा पाठ शिकविताना येथूनच प्रारंभ केल्यास मूत्रपिंडांचे कार्य विद्यार्थ्यांस सहज उमगते.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस एकेक मूत्रपिंड असते. प्रत्येकात सुमारे १० लक्ष सूक्ष्म नलिका असतात. प्रौढ माणसाच्या रक्तातून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव या नलिकांत गाळला जातो. मात्र मूत्ररूपाने बाहेर पडतो तो एक ते दोन लिटरच. बाकीचे पाणी पुन्हा रक्तात घेतले जाते व तेच पुनःपुन्हा गाळले जाते.

ही काटकसर साधते कशी? नलिकेचा काही भाग चिमट्यासारखा खाली जाऊन वर वळलेला असतो. जर्मन शारीरशास्त्रज्ञ हेन्ले याने १८६२ साली त्याचे वर्णन केले. या वळणाच्या चढत्या बाजूने मीठ बाहेर टाकले जाते, परंतु पाण्यास तेथे वाट नसते. त्यामुळे मूत्रपिंडाचा अंतर्भाग खारट होतो. मूत्र गोळा करणाऱ्या नलिका याच खारट भागातून उतरतात.

शरीरात पाणी कमी पडले की रक्तातील क्षारांचे प्रमाण वाढते. मेंदूस त्याची जाणीव होऊन तहान लागते, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून एक संप्रेरक रक्तात सोडले जाते. त्याच्या योगाने त्या नलिकांच्या भिंतींतून पाण्यास वाट मिळते, खारट भाग ते ओढून घेतो व मूत्र दाट होते. पाणी विपुल प्यायल्यास संप्रेरकाचा स्राव कमी होतो, वाट मिटते व मूत्र पातळ राहते. मीठ पाणी कसे ओढते, हे दाखविण्यास काकडीच्या फोडींना मीठ लावून ठेवावे. थोड्याच वेळात बशीत पाणी सुटलेले दिसेल.

तथापि मूत्रपिंडे पाणी वाचवितात, निर्माण करीत नाहीत. मूत्र रक्ताच्या सुमारे चौपटीहून अधिक दाट होऊ शकत नाही. म्हणून शरीरातील त्याज्य द्रव्ये बाहेर टाकण्यासाठी प्रौढास दिवसाला निदान अर्धा लिटर मूत्र विसर्जित करावेच लागते. घाम व श्वास यांवाटे जाणारे पाणी निराळेच.

शिक्षकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. शौचालय अस्वच्छ असल्यास अथवा परवानगी मागण्याचा संकोच वाटल्यास अनेक मुले, विशेषतः मुली, दिवसभर पाणी पिणेच टाळतात. अशाने डोके दुखते, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि मूत्रमार्गाचे विकार व मुतखडा यांची भीती वाढते. यास्तव शाळेत पाणी पिण्याच्या वेळा ठरवून द्याव्यात, शौचालय स्वच्छ राखावे, आणि लघवीस जाऊ मागणाऱ्या मुलास कधीही अडवू नये. लघवीत रक्त दिसल्यास अथवा जळजळ होत असल्यास पालकांस कळवून मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.