मधाची साखर होते तेव्हा
(मधमाश्यांचं जग : लेखांक ६)

महाबळेश्वरहून आणलेल्या मधाच्या तळाशी साखर बसली, की दुकानदाराने पाक घातला असं आपल्याकडे सर्रास धरून चालतात. बाटली परत जाते, नाहीतर त्या दुकानाची वाट तरी सुटते. या समजाचा भुर्दंड चांगला मध काढणाऱ्या मधपाळाला बसतो, म्हणून आजचा लेखांक त्यासाठीच.

मागच्या आठवड्यात सातेरी जातीची कामकरी माशी मकरंद घेऊन पेटीत परतली होती. मकरंद म्हणजे बरंचसं पाणी आणि त्यात विरघळलेली साखर. बाहेरून आलेली माशी तो घरातल्या माशीच्या तोंडी देते. ही माशी त्याचा थेंब सोंडेवर काढते, पसरवते, पुन्हा आत ओढते. हे बराच वेळ चालतं आणि तेवढ्यात तिच्या ग्रंथींतलं विकर साखरेची फोड करून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगळं करतं. मग थेंब पोळ्याच्या घरात ठेवला जातो, माश्या पंखांनी वारा घालत राहतात, आणि पाणी पुरेसं आटलं की घरावर मेणाचं झाकण चढतं. जाणता मधपाळ चौकट उचलली की आधी हेच पाहतो. बरीच घरं उघडी असतील तर चौकट तशीच परत पेटीत जाते, कारण कच्चा मध पुढे बाटलीत आंबतो. आपल्याकडच्या नियमांनुसार मधात पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

म्हणजे २० भाग पाण्यात जवळपास ८० भाग साखर. फ्रुक्टोज पाण्यात भरपूर विरघळतं, ग्लुकोजला मात्र एवढं पाणी पुरत नाही. पाक थंड होताना कडेला कणी धरते तसंच इथे होतं : परागाचा कण किंवा मेणाचा बारीक तुकडा मिळाला, की त्याच्याभोवती ग्लुकोज जमू लागतं. १४ अंश सेल्सिअसच्या आसपास हे सगळ्यात वेगाने घडतं, म्हणून पुण्या-नाशकाच्या थंडीत तक्रारी वाढतात.

किती लवकर घडतं, ते फुलावर ठरतं. मोहरीच्या आणि सूर्यफुलाच्या मधात ग्लुकोजचा वाटा मोठा. तो काही आठवड्यांत पांढरट होऊन घट्ट बसतो. काश्मीरमध्ये रॉबिनियाच्या फुलांपासून मिळणारा, बाजारात अकेशिया म्हणून विकला जाणारा मध फ्रुक्टोजच्या जोरावर महिनोन् महिने पातळ राहतो. दोन्ही अस्सलच. महाबळेश्वरच्या जंगलात जांभूळ, हिरडा, गेळा, शिवाय सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी. त्यामुळे एकाच पेटीतला मध दरवर्षी सारखा निघेल ही अपेक्षाच चुकीची.

घट्ट झालेली बाटली जवळून पाहा. ग्लुकोज कणीत बांधलं गेलं, की उरलेल्या पातळ भागात पाण्याचं प्रमाण वाढतं. तो भाग वर तरंगत राहिला तर तिथे यीस्ट वाढून आंबूस वास येऊ शकतो. म्हणून मध स्वच्छ कोरड्या चमच्याने ढवळून ठेवावा. पातळच हवा असेल, तर बाटली चाळिसेक अंशांच्या कोमट पाण्यात ठेवावी. गॅसवर कधीही नाही. मधाला जंतू रोखायला मदत करणारं हायड्रोजन पेरॉक्साइड ज्या विकरामुळे तयार होतं, ते जास्त उष्णतेने निकामी होतं. एक गोष्ट मात्र मध तापवला काय, न तापवला काय, तशीच राहते : बोटुलिझमच्या जंतूंचे बीजाणू मधात वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. म्हणून वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोट चाटवू नये, घरातला रिवाज कितीही जुना असो.

आता आपल्या हट्टाचा परिणाम पाहू. गिऱ्हाइकाला बाटली कायम पातळ आणि नितळ हवी, म्हणून मोठ्या प्रमाणावर मध तापवतात, बारीक गाळतात. गाळताना पराग निघून जातो, आणि मध कुठल्या फुलाचा हे सांगणारा पुरावाही त्याच्याबरोबर जातो. पाक मिसळणाऱ्याचं याने फावतं. ऊस आणि मक्याची साखर कार्बनच्या समस्थानिकांच्या चाचणीत पकडता येते. तांदळाचा पाक या चाचणीतून निसटतो, कारण त्याचा कार्बन मधाच्या फुलांसारखाच असतो. डिसेंबर २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने १३ ब्रँड तपासून घेतले, त्यातले फक्त ३ सगळ्या चाचण्यांत टिकले. कंपन्यांनी हे निष्कर्ष नाकारले. पण तेव्हापासून चुंबकीय अनुनादाची महागडी चाचणी निदान चर्चेत तरी आली.

तिच्यापुढे घरगुती चाचण्या काहीच नाहीत. पाण्यात सोडलेला थेंब तळाशी जातो का, मधात बुडवलेली वात पेटते का, यावरून फार तर मध किती दाट आहे ते कळतं. दाट पाकही याच चाचण्या पास होतो. आणि साखर बसली म्हणजे मध शुद्धच, असंही नाही. भेसळीचा मधही गोठू शकतो.

त्यापेक्षा मध कुठल्या भागातला, कुठल्या महिन्यात काढला, तेव्हा तिथे काय फुललं होतं, हे विचारा. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथे या प्रश्नांची उत्तरं पेटी सांभाळणाऱ्याकडूनच मिळतात. मिळालं तर झाकणं असलेल्या पोळ्याचा तुकडाही मागून पाहा.

पुढच्या आठवड्यात पेटीत कधीच न नांदणारी आग्या माशी.