घसादुखी, देहाची स्मृति आणि लस

गोंवर एकदां येऊन गेला कीं तो सहसा पुन्हां येत नाहीं, हें प्रत्येक घरांतील वडील स्त्रियांना अनुभवानें ठाऊक असतें. मग घसा सुजून ताप येण्याचें दुखणें एकाच मुलास पुनःपुन्हां कां व्हावें ? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरांत अगणित मुलांच्या हृदयांचें भवितव्य गुंतलेलें असल्यामुळें त्याचा येथें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पुष्कळशी घसादुखी विषाणूंमुळें होते व आपोआप बरी होते. तथापि मुलांमधील कांहीं घसादुखीच्या मुळाशीं ‘स्ट्रेप्टोकोकस’ नांवाचा जंतु असतो. सूक्ष्मदर्शकाखालीं हे जंतु मण्यांच्या माळेसारखे दिसतात. त्यावरूनच व्हिएन्ना येथील शस्त्रवैद्य बिलरॉथ यानें १८७४ सालीं त्यांस हें नांव दिलें. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत रिबेका लान्सफील्ड या विदुषीनें या जंतूंच्या अभ्यासास आपलें आयुष्य वाहिलें. जंतूच्या अंगावर ‘एम्’ नांवाचें एक प्रथिन असतें, हें तिनें १९२८ च्या सुमारास दाखवून दिलें. रक्तांतील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात. हें प्रथिन म्हणजे त्या पेशींपासून जंतूचें रक्षण करणारें चिलखतच होय. त्या चिलखतावर नेमकें बसणारें प्रतिद्रव्य शरीरानें तयार केलें, म्हणजे जंतूचा इलाज चालत नाहीं. हीं प्रतिद्रव्यें रक्तांत वर्षानुवर्षें टिकतात, हेंहि तिनें पुढें १९५९ सालीं प्रसिद्ध केलें.

ग्यानबाची मेख पुढेंच आहे. या चिलखताचे २०० हून अधिक प्रकार आहेत, आणि एकाविरुद्ध मिळालेली प्रतिकारशक्ति दुसऱ्याविरुद्ध बहुधा उपयोगीं पडत नाहीं. देह विसरत नाहीं. शत्रूच वेष पालटून येतो.

नुसता घसाच दुखता तर लशीची एवढी खटपट कोणी केली नसती. पण हें दुखणें उपचारावांचून राहिलें तर कांहीं मुलांना दोनतीन आठवड्यांनीं सांधे धरणारा संधिज्वर येतो. ५ ते १५ हें त्याचें मुख्य वय. जंतूविरुद्ध उभारलेलें शस्त्र अशा वेळीं चुकून स्वतःच्याच हृदयावर चालतें व हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. २०१५ सालच्या अंदाजाप्रमाणें या हृद्रोगानें जगांत वर्षाला सुमारें ३ लाख माणसें दगावत होतीं. त्यांत आपल्या देशाचा वाटा फार मोठा होता.

लशीची वाट बिकट झाली ती याच कारणानें. अमेरिकेंत संधिज्वराच्या रोग्यांच्या २१ निरोगी भावंडांना ‘एम्’ प्रथिनाची लस टोंचण्यांत आली होती. त्यांपैकीं दोघांना निश्चित व एकाला संभाव्य संधिज्वर झाला, असें १९६९ सालीं प्रसिद्ध झालें. लशीचाच हा दोष होता असें सिद्ध झालें नाहीं. तरी १९७९ सालीं तेथील सरकारनें अशा लशींवर बंदी घातली. ती उठण्यास पाव शतक लागलें.

आतां शास्त्रज्ञ निसर्गालाच गुरु करीत आहेत. नवजात अर्भकास आईच्या रक्तांतून प्रतिद्रव्यें मिळतात. प्रौढांना ही घसादुखी मुलांहून पुष्कळ कमी होते. अर्थात् देह हळूहळू कांहींतरी शिकतो खास. तें काय, हें जाणण्यासाठीं पश्चिम आफ्रिकेंतील गांबिया देशांत २०२१-२२ सालीं ४४ घरांतील ४४२ माणसांचे घसे व त्वचा वरचेवर तपासण्यांत आल्या. आपल्या एकत्र कुटुंबांप्रमाणेंच तेथेंहि एका छपराखालीं आजीपासून तान्ह्या मुलापर्यंत सारीं नांदतात. त्यामुळें जंतु कोणाला गांठतो व कोणाला वगळतो, हें पाहणें सोईचें झालें. जंतूंच्या सर्व प्रकारांत समाईक असलेल्या कांहीं प्रथिनांविरुद्ध ज्यांच्या रक्तांत भरपूर प्रतिद्रव्यें होतीं, त्यांना हा उपद्रव कमी झाल्याचें आढळलें. अशा समाईक प्रथिनांची लस करावी, हा एक मार्ग. तीस प्रकारच्या ‘एम्’ प्रथिनांचे निवडक तुकडे एकत्र गुंफावे, हा दुसरा. दोन्हींवर काम चालू आहे. परंतु बाजारांत अद्यापि लस नाहीं.

तोंवर घरच्या वडील मंडळींच्या हातीं एक खात्रीचें साधन आहे. पेनिसिलिनला न जुमानणारा या जातीचा जंतु वैद्यांना अजून भेटलेला नाहीं, आणि घसादुखी सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आंत उपचार सुरू केला तर संधिज्वर बहुधा टाळतां येतो. म्हणून तापासह घसा सुजलेल्या मुलास हळदीच्या गुळण्यांवर न ठेवतां डॉक्टरांस दाखवावें, आणि दोन दिवसांत बरें वाटलें तरी औषधाचा क्रम पुरा करावा. ज्या मुलास एकदां संधिज्वर होऊन गेला आहे, त्याचें तीनचार आठवड्यांनीं घ्यावयाचें इंजेक्शन तर डॉक्टरांनीं सांगितल्याखेरीज केव्हांहि बंद करूं नये. मूल धडधाकट दिसतें एवढ्यावरून तें थांबविणें फार महागांत पडतें.