प्रतिष्ठागुण आणि ज्ञाननिर्मितीतील सहभाग

प्रस्तावना : बेळगाव-निपाणी सीमाभागात मराठी, उर्दू आणि कन्नड या तिन्ही भाषा रोजच्या व्यवहारात आहेत. मराठी विकिपीडिया २००३ साली आणि उर्दू विकिपीडिया २००४ साली सुरू झाला. येथील विद्यार्थ्यांनी आपल्या परिसराविषयी या मुक्त ज्ञानकोशांत लिहावे, ही अपेक्षा रास्त आहे. मात्र त्यासाठी अंतर्गत मूल्यमापनाचे गुण द्यावेत काय, हा प्रश्न आहे. ऑनलाइन समूहांतील प्रतिष्ठागुणांचा अनुभव येथे मार्गदर्शक ठरतो.

गुणांचे कार्य : संगणक प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी २००८ साली 'स्टॅक ओव्हरफ्लो' हे प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ सुरू झाले. तेथे एखाद्या उत्तराला वाचकाने पसंती दिली की उत्तर देणाऱ्यास १० गुण मिळतात. १५ गुण झाल्यावर त्याला इतरांच्या लेखनास पसंती देता येते आणि २००० गुणांनंतर त्यात थेट दुरुस्ती करता येते. म्हणजेच गुण ही केवळ शाबासकी नसून जबाबदारीची पायरी होय. परंतु तेथील बिल्ल्यांविषयी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसून आले की, बिल्ला जवळ आला की सदस्य त्याच कामाकडे अधिक वळतात आणि तो मिळाल्यावर जोर ओसरतो.

विकिपीडियावर एक सदस्य दुसऱ्यास 'बार्नस्टार' हे गौरवचिन्ह देतो. रेस्टिव्हो आणि व्हॅन डी रिट यांनी इंग्रजी विकिपीडियावरील सर्वाधिक काम करणाऱ्या एक टक्का सदस्यांपैकी काहींना, कोणतीही निवड न करता, ते दिले. २०१२ च्या त्यांच्या निष्कर्षानुसार, चिन्ह न मिळालेल्यांच्या तुलनेत या सदस्यांचे काम सुमारे ६० टक्के अधिक झाले. पैशाचा संबंध नसतानाही हा परिणाम घडला.

पुण्याचा धडा : २०११ साली पुण्यातील काही महाविद्यालयांत इंग्रजी विकिपीडियावरील लेखन अभ्यासक्रमाशी जोडण्यात आले. विद्यार्थी पुष्कळ आणि अनुभवी मार्गदर्शक थोडे होते. पुस्तके व संकेतस्थळांवरून उतरवलेला बराच मजकूर ज्ञानकोशात आला. तो शोधून काढण्याचे काम स्वयंसेवकांवर पडले आणि त्याच वर्षी तो प्रयोग थांबवावा लागला. लेखन किती झाले एवढेच मोजले, तर ते स्वतःचे आहे की नाही हे बाजूला राहते.

उर्दू मुशायऱ्याची परंपरा येथे आठवते. शेर कळलेल्या जाणकाराची एक दाद शायराला नुसत्या टाळ्यांहून मोलाची वाटते, कारण तिच्यामागे ऐकणे असते.

समारोप : प्राध्यापकांनी गुण अवश्य द्यावेत, मात्र ते शब्दसंख्येला नव्हे, तर छापील संदर्भाला, स्वतःच्या शब्दांना आणि चूक दाखविल्यावर केलेल्या दुरुस्तीला द्यावेत. निपाणीच्या तंबाखू व्यवसायावर मराठीच्या विद्यार्थ्याने एकच परिच्छेद लिहावा, उर्दूच्या विद्यार्थ्याने तो वाचून शंका विचाराव्यात आणि मग आपल्या भाषेत मांडावा. सत्र संपले की गुण संपतात. आपले लिखाण कोणी लक्षपूर्वक वाचले, हा अनुभव मात्र विद्यार्थ्याला पुन्हा लेखणीकडे आणतो.